चार पानं, त्यातलं एक बिनमिठाचं

मराठीतल्या ‘पान’ या एका शब्दाने माझं जितकं हसं केलं, तितकं दुसऱ्या कशानेही केलेलं नाही. झाडाला असतं ते पान, पुस्तकात असतं ते पान, जेवणानंतर तोंडात घोळवतात ते पान, जेवायला बसताना मांडतात ते पान, आणि ढोलकीच्या तोंडावर ताणून बसवतात तेही पानच. मी वाजवायचे तो ड्रमसेट. वाद्य विलायती, पण त्याच्या तोंडावर जे काही ताणलेलं असतं, मग ते कातडं असो की प्लॅस्टिक, त्याला मी जन्मभर पानच म्हणत आले, कारण आमच्याकडे त्याला दुसरं नाव कुणी दिलंच नाही. दिलं असतं तर पुढचा सगळा गोंधळ झाला नसता आणि आज मला लिहायलाही काही उरलं नसतं.

आता मी कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहते. माझी नात कानाला हेडफोन लावून रबराच्या चकत्यांवर ड्रम वाजवते. बाहेर बसलेल्या मला नुसतं टकटक ऐकू येतं, आणि ती मात्र आतल्या आत कुठल्यातरी मैफलीत मान हलवत असते. आमच्या सोसायटीच्या फलकावर लिहिलंय, ‘ज्यांना ढोल वाजवण्याची हौस आहे त्यांनी नदीपात्रात जावे. परत येण्याची घाई करू नये.’ त्यामुळे तिचंही बरोबरच आहे म्हणा. परवा तिने विचारलं, “आजी, तू कुठला साउंड लावायचीस?” तिच्या यंत्रात बटण दाबलं की आवाज बदलतो. आमच्या वेळी आवाज बदलायचा म्हणजे चावी घेऊन स्क्रू सोडवायचे, पान उतरवायचं, दुसरं चढवायचं, आणि ते दुसरं पान मुळात कुणाकडून तरी आणवायचं. त्या आणवण्याचीच ही हकीगत आहे.

आम्ही तेव्हा खडकीला कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. आप्पा दारूगोळ्याच्या चाचणीच्या विभागात होते. दिवसभर तोफेचे गोळे उडवून बघायचे आणि संध्याकाळी शांतपणे सायकलवरून घरी यायचे. ही शांतता त्यांच्या स्वभावात किती होती आणि कानांत किती, ते आम्हाला कधीच नीट कळलं नाही. एवढं खरं, की बारीक आवाज त्यांच्या दुनियेतून निघून गेले होते. चिमण्या गेल्या, सायकलची घंटी गेली, दुधाच्या भांड्याची शिट्टी गेली आणि आईची हाकही गेली, कारण आईचा आवाज फार बारीक होता. ती स्वयंपाकघरातून “अहो” म्हणायची, पुन्हा “अहो” म्हणायची, आणि बाहेरच्या खोलीत आप्पा पेपर वाचत बसलेले असायचे. शेवटी आईने उपाय शोधला. स्वयंपाकघराच्या दाराशी गव्हाचं पत्र्याचं मोठं पिंप होतं. त्यावर ती मूठ आपटायची. धम्म! की बाहेरून लगेच आवाज यायचा, “आलो!” आणि खरोखरच आप्पा पेपर खाली ठेवून उठायचे. पिंप भरलेलं असताना तो आवाज बुजलेला निघायचा आणि दोनदा आपटावं लागायचं. गहू संपत आले की पिंप असं काही घुमायचं, की आप्पा पहिल्याच हाकेला हजर. महिनाअखेरीला आमच्या घरी नवरा-बायकोचं फार चांगलं जमायचं.

मी ड्रमकडे वळले ती कॉलेजच्या एन.सी.सी.मुळे. परेडला मुलींच्या बँडमध्ये मी साइड ड्रम वाजवत होते. तिथे मला गद्रेबाईंनी पाहिलं. गद्रेबाई नारायण पेठेतल्या मुलींच्या शाळेत गाणं शिकवायच्या आणि स्वतः अकॉर्डियन वाजवायच्या. त्यांनी ‘संपूर्ण महिला वाद्यवृंद’ काढायचं ठरवलं होतं आणि त्यांना ड्रम वाजवणारी मुलगी मिळत नव्हती. माझ्याजवळ येऊन त्या म्हणाल्या, “हात बरा आहे. चेहरा इतका गंभीर ठेवू नकोस, कुणी गेलेलं नाही.” एवढीच माझी मुलाखत. कॅम्पातला एक क्लब बंद पडला होता, तिथला जुना ड्रमसेट त्यांनी उचलला, आणि सरावासाठी तो आमच्याच घरी, बाहेरच्या खोलीत येऊन बसला. मी त्या दिवशी जेवले नाही, झोपले नाही, नुसती त्याच्याभोवती फिरत राहिले. आईने त्याच्यावर जुनी चादर घातली आणि वर तुळशीचं पान ठेवलं. हे आणखी एक पान.

त्या सेटची पानं कातड्याची होती. कातड्याचं पान फार गोड बोलतं, पण ते हवामानाच्या ताब्यात असतं. उन्हाळ्यात ते इतकं ताणलं जातं की काठी उसळून कपाळाला लागेल, आणि पावसाळ्यात सैल पडून नुसतं रडतं. त्यातलं स्नेअरचं, म्हणजे मांडीजवळच्या मुख्य ड्रमचं पान फाटलं, तेव्हा मी रविवार पेठेतल्या एका ढोलकीवाल्याकडून बकऱ्याचं बसवून घेतलं. श्रावण लागला आणि ते पान पार ओघळलं. मी ड्रम बगलेत मारून त्याच्याकडे गेले.

“मिठाचं कातडं हाय ताई,” तो म्हणाला, “मीठ लावून टिकवल्यालं. हवेतलं पानी ओढतंय. रडू द्या की चार म्हैने, उन्हाळ्यात बघा कसं बोलतंय.”

“अहो, कार्यक्रम गणपतीत आहे!”

“मग गणपतीलाच सांगा.”

मी घरी येऊन ड्रम शेगडीवर धरू लागले. शेकला की जरा वेळ बोलायचा, दोन गाणी झाली की पुन्हा मऊ. आई लाटणं हातात घेऊन म्हणायची, “आता पोळी भाजू की तुझं हे?” आणि मग पोळी बाजूला ठेवून तीच मला पकड आणून द्यायची. तालमीत गद्रेबाईंनी अकॉर्डियन थांबवलं आणि माझ्याकडे चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “शालिनी, ड्रम वाजवतेस की गादी झटकतेस?” सगळ्या मुली फिदीफिदी हसल्या. बाई मात्र हसल्या नाहीत. “पुढच्या सोमवारच्या तालमीत हा ड्रम बोलला तर तू. नाहीतर माझा भाचा बोंगो घेऊन बसेल. पोस्टरवर ‘संपूर्ण महिला’ छापून झालंय, तेव्हा त्याला साडी नेसवू. मिसरूड आहे, ते पदराआड घेईल.”

मला रडूच आलं. एवढं सगळं करून माझ्या जागी साडी नेसलेला भाचा? तोपर्यंत पानांचं शास्त्र माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. ऑर्केस्ट्रावाल्या कुणालाही गाठून मी हेच विचारायची. पान पातळ असलं की ठोक्यानंतर ते गुंजत राहतं, आवाज उंच आणि उघडा येतो, टण्ण! जाड असलं की ठोका खोल जातो आणि लवकर विझतो. पांढरा खरबरीत लेप दिलेलं पान तारांच्या ब्रशने घासलं की सर्र असा छान आवाज देतं, गुळगुळीत पान तो देत नाही. लाकडाचा पिंड, म्हणजे ड्रमचं पोकळ अंग, कितीही चांगला असू दे, आवाज ठरतो तो वरच्या पानाने. मुंबईत बोटीवरून आलेली प्लॅस्टिकची पानं मिळत होती, ज्यांना पाऊस लागतच नाही. पुण्यात ती मिळेनात. आणि अशात आप्पांना कारखान्याच्या कामासाठी आठवडाभर मुंबईला जायचं निघालं. ते तिकडे कामतांकडे, म्हणजे त्यांच्या जुन्या मित्राकडे उतरणार होते.

इथे एक सांगायला हवं. आप्पांनी माझं वाजवणं कधीच ऐकलं नव्हतं. म्हणजे ड्रम त्यांच्याच खोलीत होता, मी त्यांच्यापासून चार हातांवर वाजवत असायची आणि ते पेपर वाचत असायचे. तालमीला चला म्हटलं तर म्हणायचे, “मला काय कळतंय त्यातलं?” शेजारच्या साळवेकाकू येऊन “वा शालू” म्हणून जायच्या, आप्पा काही म्हणायचे नाहीत. मुलीने असलं धटिंगण वाद्य वाजवणं त्यांना आवडत नसावं, असं मी मनाशी धरून बसले होते आणि ते मला फार लागायचं. तरी मी त्यांना गाठलं. चारही ड्रमच्या तोंडांची मापं माझ्या लाल रिबिनीला गाठी मारून दिली आणि त्यांच्या बऱ्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, “चार पानं आणा! पातळ! आरपार दिसणारी! टण्ण वाजणारी! आणि कातड्याचं दिलंच, तर मिठाचं नको, बिनमिठाचं!” आप्पांनी माझ्या ओठांकडे बघत सगळं ऐकलं, रिबीन खिशात घातली आणि म्हणाले, “हं.”

शुक्रवारी संध्याकाळी मी दोरीवरचे कपडे काढत होते, तर साळवेकाकू लगबगीने आल्या. त्यांचे यजमान फोरमन, त्यामुळे फोन त्यांच्याकडे. “अगं शालू, तुझ्या आप्पांचा ट्रंककॉल! रविवारी संध्याकाळी येतायत. म्हणाले, चार पानं, त्यातलं एक बिनमिठाचं. आणि ठेवला फोन! मी विचारतेय, अहो कोण, किती दिवस, पण त्यांना कुठलं ऐकू जायला. आईला सांग गं.”

मी हातातले कपडे काकूंच्या गळ्यात टाकले आणि त्यांना धरून गरागरा फिरवलं. चार पानं! आणि त्यातलं एक बिनमिठाचं! म्हणजे तीन प्लॅस्टिकची मिळाली होती, चौथं मिळालं नव्हतं, तर आप्पांनी कातड्याचं घेतलं होतं, पण दुकानदाराला मिठाचं विचारून घेतलं होतं. आप्पांनी! “हं” म्हणणाऱ्या आप्पांनी! मी धावत आत गेले. “आई, रविवारी आप्पा चार पानं आणतायत!”

“बरं,” आई म्हणाली. “पण ती माझ्या स्वयंपाकघरात ठेवायची नाहीत. वास येतो.”

रविवारी सकाळी माझ्या अंगात वारं शिरलं होतं. मी चावी घेतली आणि सगळी जुनी पानं उतरवून टाकली. पिंड पुसले, कड्या चकचकीत केल्या, स्क्रू तेलात बुडवून पेपरवर ओळीने मांडले. बाहेरची खोली अशी भरली की पाय ठेवायला जागा नाही. उतरवलेली कातडी मी अंगणाच्या भिंतीवर ऊन खायला ठेवली, कारण मीठवाल्या पानाचा मला सूड घ्यायचा होता. क्वार्टर्समध्ये एक पिवळा कुत्रा होता. त्याने आधी मिठाचं पान पळवलं, बहुधा चवीमुळे, आणि तासाभराने दुसरंही नेलं. उरलेली दोन उन्हाने वाकडी होऊन बसली, ती पुन्हा कशावरच चढण्यासारखी नव्हती. मी खिडकीतून कुत्र्याला टाळ्या वाजवत होते. ने बाबा, सगळी ने! आज माझी नवी येतायत.

संध्याकाळी आईने तिघांपुरता भात टाकला होता, पिठलं अजून व्हायचं होतं. दारात रिक्षांचा आवाज आला, दोन रिक्षांचा. मी जमिनीवर मांडलेल्या कड्या चुकवत धावले. आप्पा उतरले, त्यांच्यामागून कामतकाका, कामतकाकू, त्यांची शाळकरी मुलगी, आणि मग तिघांनी हात धरून उतरवलेल्या कामतकाकांच्या वृद्ध आई. सगळी मंडळी दुसऱ्या दिवशीच्या गाडीने कोल्हापूरला देवीला जायची होती आणि रात्री आमच्याकडे मुक्कामाला होती. आप्पांनी खुशीत विचारलं, “काय शालू, पानं घेतली का?”

मी म्हटलं, “मी कुठून घेणार? तुम्ही आणलीत ना?”

आप्पांनी माझे ओठ पाहिले. त्यांना वाटलं, आपण चुकीचं वाचलं. “मी माणसं आणली आहेत,” ते म्हणाले.

“आणि ते बिनमिठाचं?”

आप्पांनी अदबीने आजींकडे हात केला. “या.”

आजींनी मला हात जोडले. “रक्तदाब आहे हो मला,” त्या म्हणाल्या. “डॉक्टरांनी मीठ बंद केलंय. उगाच तुम्हाला त्रास.”

मी तिथेच उंबऱ्यावर बसले. आत पिंपावर मूठ पडली. महिनाअखेर होती, भिंती हादरल्या. “आलो!” म्हणत आप्पा आत गेले. पडद्यामागून आईचा तो बारीक आवाज आला, आणि तो रागावला की आणखी बारीक व्हायचा. “अहो, चार माणसं जेवायला आणायची तर आधी कळवायची रीत असते.”

“कळवलं की,” तिचे ओठ वाचत आप्पा म्हणाले. “फोन केला होता.”

“कुणाला?”

मग पडदा सरकला आणि दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी “पान… पान…” एवढंच म्हणू शकले. आई आधी रागाने लाल झाली, मग तिच्या लक्षात आलं, मग तिने तोंडाला पदर लावला आणि पिंपाला टेकून अशी हसली की तिला उभं राहवेना. हसता हसताच तिने बेसनाचा डबा ओढला. साळवेकाकू भाकऱ्यांची चळत, मटकीची उसळ आणि ठेचा घेऊन मागच्या दाराने आल्या. निरोप आपणच आणला असल्यामुळे गुन्ह्यात आपलाही वाटा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या धावपळीत आईने आजींसाठी पिठलं आधी वेगळं काढायचं ठरवलं, ते काढलं, आणि उरलेल्यात मीठ घालायचं साफ विसरली.

बसायचं कुठे हा प्रश्नच होता. आजींना खाली बसता येत नव्हतं. मग जमिनीवरच्या मोठ्या ड्रमचा रिकामा पिंड उभा केला, त्यावर पाट ठेवला आणि आजींना वर बसवलं. त्यांच्यापुढे बेस ड्रमचा, म्हणजे पायाने वाजवायच्या सगळ्यात मोठ्या ड्रमचा पिंड आडवा, त्यावर परात, त्यावर ताट. बाकीचे आम्ही स्क्रूंच्या ओळी सरकवून बसलो. पहिला घास घेतल्यावर कामतकाका जरा थबकले. कामतकाकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. सगळे मान खाली घालून ठेच्याकडे वळले. आजी मात्र दोन वेळा पिठलं मागून घेऊन म्हणाल्या, “किती महिन्यांनी असं चवीचं जेवले!” तेव्हा आईला कळलं. त्या दिवशी आमच्याकडची सगळीच पानं बिनमिठाची झाली होती.

मी हसत होते, पण ताटात नुसतं चिवडत होते. उद्या सोमवार. जुनी पानं काही कुत्र्याच्या पोटात, काही वाकडी, आणि नवी नाहीत. साडी नेसलेला भाचा मला ताटात दिसत होता. हात धुवून झाल्यावर आप्पांनी ट्रंकेतून पेपरात गुंडाळलेलं एक चपटं, गोल पुडकं काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. वर माझीच लाल रिबीन बांधलेली होती.

मी पेपर फाडला. चार पानं! मापाला अगदी बरोबर. आणि सगळी चुकीची. जाड, दुपदरी, दोन पदरांमध्ये तेलाचा थर, दिव्याजवळ धरलं की आत सांडलेल्या रॉकेलसारखे रंग फिरायचे. मी नखाने टिचकी मारली. टण्ण नाही, ठप. मी पातळ सांगितली होती, ओरडून सांगितली होती, आणि आप्पांनी बरोबर उलटी आणली होती. माझा चेहरा पडला असणार, कारण कामतकाका मध्ये बोलले.

“पोरी, तुझ्या बापाने त्या दुकानदाराचा जीव घेतलाय. दुकानातलं प्रत्येक पान ड्रमवर चढवायला लावलं. तो वाजवतोय आणि हे म्हणतायत, वाजव. तो म्हणतो, अहो वाजवलं. हे म्हणतायत, पुन्हा वाजव. शेवटी हात ठेवून बसले ड्रमच्या अंगावर. बाहेर लोक जमले!”

आप्पांना त्यातलं किती ऐकू गेलं कोण जाणे. ते माझ्याकडेच बघत होते. “तू सांगितलेली पातळ पानं त्याने आधी वाजवली,” ते म्हणाले. “मला नुसता त्याचा हात हलताना दिसला. इथे तू वाजवतेस तेव्हाही तेच होतं. म्हटलं, शालू वाजवणार आणि मी नुसता तिचा हात बघत बसणार, हे बरं नाही. जी ऐकू आली, ती आणली.”

इतके महिने ते पेपर वाचत होते, कारण माझा नुसता हलणारा हात बघणं त्यांना सोसत नव्हतं. मी आप्पांच्या गळ्यात पडले. आमच्या घरात असं कुणी कुणाच्या गळ्यात पडत नसे, त्यामुळे आप्पा गोंधळून कामतकाकांना म्हणाले, “मापं चुकली की काय?”

मग पानं चढवण्याचा सोहळा झाला. आजींना त्यांच्या आसनावरून उठवावं लागलं, कारण त्या माझ्या ड्रमवर बसल्या होत्या. कामतांची मुलगी स्क्रू द्यायला बसली. चावी आप्पांनी घेतली आणि माझ्या हातात दिलीच नाही. समोरासमोरचा एकेक स्क्रू ते थोडा थोडा आवळायचे. तोफगोळ्यांची टोपणं आवळणारा हात तो, कुठे एक केस जास्त होऊ देत नव्हता. मी काठीने वाजवून कानाने सांगायची, ते तळवा टेकवून हाताने सांगायचे, आणि गंमत म्हणजे आमचं पटत होतं. बेसच्या पोटात जुनी उशी ठेवली. पिंपात गहू जास्त असला की आवाज बुजतो हे मला ठाऊक होतं, म्हणून उशीतला अर्धा कापूस काढून टाकला. स्नेअरचा मात्र घोर होता. जाड पानावर बारीक काम उमटत नाही, काठ्यांची भर्रभर्र तिथे पिठात पडल्यासारखी होते, आणि ब्रशची सर्र तर नाहीच. स्नेअर मी छातीवर दगड ठेवून आवळला, इतका की आई म्हणाली, “पुरे गं, फुटेल.” आणि ब्रशसाठी वर वर्तमानपत्र पसरून पाहिलं. सर्र! पानावर पान.

सोमवारी तालमीत गद्रेबाईंनी पहिलं गाणं अर्ध्यावर थांबवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आमच्या दोन्ही गायिकांचे आवाज पातळ, आणि मी हट्टाने मागितलेली टणटणीत पानं असती तर ती नेमकी त्यांच्याच उंचीवर ओरडली असती. ही जाड पानं खाली राहिली होती. वर शब्द मोकळे होते. हे तेव्हा मला कळत नव्हतं, बाईंना कळत होतं. त्या एवढंच म्हणाल्या, “ही पानं कुणी निवडली?”

“वडिलांनी.”

“गाण्यातले आहेत का?”

“तोफखान्यातले.”

“वाटलंच,” बाई म्हणाल्या. “ठीक आहे. भाच्याला कळवते, साडी परत कर म्हणून.”

कार्यक्रम पेठेतल्या एका चौकात होता. रस्ता अडवून मांडव घातलेला, पुढे घडीच्या खुर्च्या, आणि आजूबाजूच्या गॅलऱ्यांमधून लोक लटकलेले. आप्पांना या खेपेला आग्रह करावा लागला नाही. “पानं माझी आहेत,” असं म्हणून ते इस्त्रीचा सदरा घालून तयार झाले. मी रंगमंचावर चढले तेव्हा आई आणि आप्पा तिसऱ्या रांगेत दिसले. मुलगी ड्रमवर बसलेली बघून गॅलरीतून कुणीतरी शिट्टी मारली, ती आप्पांना ऐकू गेली नाही हे बरंच झालं. माझ्या तळव्यांना घाम, काठ्या घसरतायत, आणि तरी आतून मला नाचावंसं वाटत होतं.

गाणं सुरू झालं. आधी अकॉर्डियन, मग गायिकेची एक ओळ. आप्पा मान जरा पुढे काढून माझ्या हातांकडे बघत होते. ओळ संपली आणि मी बेसच्या पेडलवर पाय दिला. धम्म!

तिसऱ्या रांगेत आप्पा ताडकन उभे राहिले आणि कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसे, सगळ्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “आलो!”

चौक हसला. गद्रेबाईंचं अकॉर्डियन हिंदकळलं. आईने सदरा धरून आप्पांना खाली ओढलं, ते ओशाळून बसले आणि मग माझ्याकडे बघून, मला वाटतं मी वाजवत असताना पहिल्यांदाच, हातांकडे नाही तर तोंडाकडे बघून, हसले. मला हसू आवरेना. डोळेही आवरेनात. पुढची सम आली तेव्हा मी पाय जरा जास्तच जोरात दिला.

ते पुन्हा उठले.